आधी पाते, मग ट्रॅक्टर

कोकणात पाऊस ओसरता ओसरता आंबा-काजूच्या बागांत कमरेएवढे गवत उभे राहते, आणि ते वेळेत कापले नाही तर उन्हाळ्यात वणव्याला आयतेच जळण मिळते. मजूर मिळेनासे झाल्यामुळे बेणणीचे हे काम पुष्कळ ठिकाणी यंत्रावर आले आहे. यंत्र घेताना मात्र पहिली चौकशी होते ती ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरची. माझ्या मते ती सर्वांत शेवटी व्हावी. जमिनीचा उतार आणि दगडगोटे पाहून आधी पात्याचा प्रकार ठरवावा, आणि त्या पात्याला लागणाऱ्या शक्तीवरून ट्रॅक्टर निवडावा.

गवत दोन रीतींनी कापले जाते. कटरबारमध्ये कात्रीप्रमाणे दोन धारांच्या मध्ये देठ सापडतो. या रीतीत शक्ती फार कमी लागते. पण कातळावरच्या बागेत एखादा जांभ्याचा दगड मध्ये आला की दाते मोडतात. दुसरी रीत फटक्याची. स्लॅशर म्हणजे ट्रॅक्टरला जोडायचे, आडवी पाती गरगर फिरवणारे यंत्र. त्याचे पाते देठावर आडवे आदळते तेव्हा देठाला पलीकडून कोणीच धरलेले नसते, त्याला जागच्या जागी रोखते ते केवळ त्याचे स्वतःचे जडत्व आणि मुळांची पकड. म्हणून देठ वाकण्यापूर्वीच पाते पार झाले पाहिजे. ट्रॅक्टरचा पीटीओ, म्हणजे जोडलेल्या यंत्राला इंजिनाची शक्ती देणारा फिरता दांडा, मिनिटाला 540 फेरे फिरतो, स्लॅशरचा गिअरबॉक्स ते सुमारे 1000 पर्यंत वाढवतो, आणि 60 सेंटिमीटर लांबीच्या पात्याचे टोक त्यामुळे ताशी सुमारे 225 किलोमीटर वेगाने धावते. डिझेल वाचवण्यासाठी इंजिनाचे फेरे कमी केले की गवत कापले न जाता आडवे पडते. सावकाश जायचे असेल तर गिअर खालचा घ्यावा, इंजिनाचे फेरे उतरवू नयेत.

फ्लेल प्रकारात आडव्या दांड्यावर बिजागरीने लटकवलेली लहान लहान पाती असतात. दगड लागला की ती मागे दुमडतात, आणि गवताचा बारीक भुगा बागेतच आच्छादन म्हणून पसरतो. हा भुगा करण्यातच जास्त शक्ती खर्च होते, त्यामुळे तेवढ्याच रुंदीच्या स्लॅशरपेक्षा फ्लेलला सहसा मोठा ट्रॅक्टर लागतो.

स्लॅशर घेणाऱ्याने एक गोष्ट जरूर तपासावी: ट्रॅक्टरच्या पीटीओचा क्लच चाकांच्या क्लचपासून वेगळा आहे का. समजा, पात्यांचे एकूण वजन 10 किलो आहे आणि ते अक्षापासून सरासरी अर्ध्या मीटरवर फिरते आहे. 1000 फेऱ्यांना त्यात जवळजवळ 13,700 जूल ऊर्जा साठलेली असते. एक टन वजनाचा ट्रॅक्टर ताशी 4 किलोमीटरने चालत असेल तर त्याची गतिज ऊर्जा जेमतेम 620 जूल भरते. ज्या ट्रॅक्टरचा पीटीओ चाकांच्याच क्लचवर चालतो, त्याचा क्लच दाबला तरी फिरती पाती गिअरबॉक्समार्गे चाकांना पुढे ढकलत राहतात आणि ट्रॅक्टर बांधाच्या दिशेने सरकत जातो. पीटीओच्या दांड्यावर एकाच दिशेने जोर देणारा ओव्हररनिंग क्लच बसवला की ही ढकलणी थांबते. नव्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओचा क्लच बहुधा वेगळाच असतो. जुना घेताना विचारून घ्यावे.

कामाचा हिशेब सोपा आहे. 1.2 मीटर रुंदीचे स्लॅशर ताशी 4 किलोमीटरने चालवले आणि वळणे, ओव्हरलॅप यांत पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तर तासाला जवळजवळ एक एकर, म्हणजे 38 गुंठे, उरकते. दोन-चार एकरांच्या सपाट बागेला लहान ट्रॅक्टर त्यामुळे सहज पुरतो. हापूसची कलमे 10 मीटर अंतरावर असली तरी फांद्या खाली उतरलेल्या असतात, म्हणून बुटका आणि दुमडता येणारी संरक्षक चौकट असलेला ट्रॅक्टर बरा.

उतार हा खरा निर्णायक मुद्दा. चाकांतले अंतर 90 सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य 60 सेंटिमीटर उंचीवर असेल, तर कागदावर ट्रॅक्टर 37 अंशांपर्यंत आडवा तग धरतो. प्रत्यक्षात वरचे चाक 15 सेंटिमीटरच्या दगडावर चढले आणि खालचे 10 सेंटिमीटर खड्ड्यात उतरले, की त्यातले 15 अंश एका क्षणात खर्ची पडतात. वळतानाचा झोक वेगळाच. फांद्यांच्या अडचणीसाठी अरुंद ट्रॅक्टर घ्यावा तर तो उतारावर आणखी कमकुवत ठरतो. म्हणून उतारावर आडवे न जाता वर-खाली चालवावे, आणि ओल्या गवतावर तेही टाळावे.

गडग्यांच्या, म्हणजे दगडी बांधांच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या बागेत ट्रॅक्टरचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. तिथे पाठीवरचा किंवा खांद्याला अडकवायचा ग्रास कटरच कामाचा. त्याचे लोखंडी पाते जांभ्यावर आपटले तर खडा गोळीसारखा सुटतो, तेव्हा चष्मा लावावा आणि इतरांना निदान 15 मीटर दूर ठेवावे. पात्याऐवजी लावायची नायलॉनची दोरी दगडाजवळ चांगली चालते, पण लहान कलमाची साल तीही सोलून काढते, आणि साल गोलाकार निघाली की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत पोहोचत नाही. बुंध्याभोवतीची हातभर जागा विळ्यानेच साफ करावी.