रिकामा दिसणारा चांगथांग : नकाशांमागची पार्श्वभूमी

ठाण्याच्या कॉलेजांत भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे उलगडले जातात. ठाणे ४७ क्रमांकात येते, लेह-हानले ५२ मध्ये. आपल्या भागावर वस्तीचा लाल, शेतीचा पिवळा, खाडीचा निळा अशी दाटी. लडाखच्या चांगथांग पठारावर मात्र तपकिरी समोच्च रेषाच (सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या) जास्त, आणि नाल्यांच्या काळ्या रेषा, कारण पात्रे बहुतेक कोरडी. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडतो.

पण हा प्रदेश रिकामा मुळीच नाही. चांगपा पशुपालक याक, मेंढ्या आणि पश्मिना देणाऱ्या शेळ्या घेऊन ऋतूप्रमाणे कुरणे बदलतात. कोणी कुठे चारायचे हे गोबा, म्हणजे मुखिया, आणि जाणती माणसे ठरवतात. त्सो कार या खाऱ्या सरोवराचे मीठ खालच्या गावांत नेऊन बदल्यात जव आणले जात. हा सगळा जमिनीचा वापरच, फक्त त्याला बांध नाही, म्हणून रंगही नाही.

याचे मूळ नकाशे कशासाठी काढले गेले त्यात आहे. १८५५ पासून ब्रिटिश सर्वेक्षण अधिकारी माँटगोमेरी यांच्या देखरेखीखाली काश्मीर-लडाखची मोजणी झाली. १८७४ मध्ये याच सर्वेक्षणासाठी काम करणारे नैनसिंग रावत लेहहून पँगाँग सरोवराच्या बाजूने तिबेटमधील ल्हासाला गेले. पावले मोजायला १०८ ऐवजी १०० मण्यांची जपमाळ, उंची काढायला पाण्याचा उत्कलनबिंदू! त्या चिकाटीपुढे आजही मान झुकते. पण सरकारला हव्या होत्या वाटा, उंच्या आणि सरहद्दी. चराईचे हक्क कोणी विचारलेच नाहीत. पुढे सीमा बंद झाली आणि तिबेटकडची हिवाळी कुरणेही तुटली.

उपग्रह आल्यावरही फार बदलले नाही. २००० साली देशाचा पडीक जमिनींचा ॲटलस निघाला. विरळ, हंगामी गवत अशा वर्गीकरणात सहज ओसाड ठरते.

ऐरोली-दिव्याच्या कोळ्यांना हे कळेल. १९७० नंतर नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या, तेव्हा खाडीत कोणाचे जाळे कुठे लागते, हे कुठल्या नकाशावर होते?

२०२३ मध्ये केंद्राने लडाखमधील १३ गिगावॉट अक्षय ऊर्जेसाठी वीजवाहिनीला मंजुरी दिली; पांगजवळच्या पठाराचे नाव त्यात पुढे आहे. मला सौरऊर्जा हवी आहे. पण आधी तिथल्या, रुपशु-खरनाक भागातल्या पशुपालकांसोबत बसून कुठल्या महिन्यात कुठले कुरण वापरात असते, ते नकाशावर उतरवायला हवे, आणि तो नकाशा जागा ठरवणाऱ्यांच्या टेबलावर हवा.