बुवा असते तर? वॉल्ट डिस्नेच्या कंपनीची मागची गोष्ट

भाऊबीज झाली की आमच्या झाडीपट्टीत मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरतात आणि रात्री नाटकं लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या धानपट्ट्यात हा हंगाम होळीपर्यंत चालतो. त्याचं ठाणं वडसा, म्हणजे देसाईगंज. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथेच. भिंतीवर पोस्टरं, टेबलावर तारखांची वही. मागच्या हंगामात गावच्या मंडळातर्फे तारीख घ्यायला अशाच एका ऑफिसात गेलो होतो. कंपनी काढणारे बुवा जाऊन बरीच वर्षं झाली, आता नातू कारभार पाहतो. बोलता बोलता आमच्यातले एक काका त्याला म्हणाले, "आता तुमी दोन अंकाच्या मंधात लावनी घालता. बुवा असते तं का म्हनले असते जी?" पोरगा वहीत तारीख मांडत होता. पेन थांबवून म्हणाला, "दंडार सोडून नाटक तं बुवायनंच आनलं होतं जी." दंडार म्हणजे आमच्याकडचा जुना लोकनाट्याचा प्रकार.

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही, कारण हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका करमणूक कंपनीला साठ वर्षांपासून विचारला जातो. त्या कंपनीशी आमचा संबंध नाही असं कुणी समजू नये. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदी बोलणारी बदकं यायची, तेव्हा वीज असेल त्या घरात अख्खी आळी जमायची. आज माय संध्याकाळी स्टार प्रवाह लावते. मार्च २०१९ मध्ये डिस्नेने फॉक्स या करमणूक कंपनीचा मोठा हिस्सा ७१ अब्ज डॉलरवर घेतला आणि त्यासोबत स्टार प्रवाह चालवणारी स्टार इंडियाही आली. तेव्हापासून नोव्हेंबर २०२४ पर्यंत मायच्या मालिकांची मालकी डिस्नेकडे होती. मग रिलायन्सच्या कंपनीशी एकत्रीकरण झालं आणि जिओस्टार उभी राहिली. तिच्यात डिस्नेचा वाटा आता ३६.८४ टक्के आहे.

ही कंपनी काढणारा वॉल्ट डिस्ने असता तर याला काय म्हणाला असता? त्यासाठी माणूस कुठून आला ते पाहावं लागतं.

वॉल्टचा जन्म १९०१ साली शिकागोचा, पण त्याला घडवलं मिसुरी राज्यातल्या मार्सेलिन या खेड्याने. बापाने, एलियस डिस्नेने, १९०६ साली तिथे चाळीसेक एकर शेती घेतली. थोरली दोन पोरं घर सोडून गेली, बाप आजारी पडला, शेती झेपेना. शेवटी जमीन विकली आणि जनावरं लिलावात गेली. घर कॅन्सस सिटीला आलं. वॉल्ट आणि त्याच्याहून आठ वर्षांनी मोठा रॉय पहाटेच्या काळोखात उठून, बर्फ तुडवत घरोघरी वर्तमानपत्रं टाकू लागले. त्या कामाचे पैसे बाप हाती देत नसे. हे वाचताना मला परकं काही वाटलं नाही. गोठ्यातली बैलजोडी सोडून दुसऱ्याच्या हाती कासरा देताना ज्यांनी पाहिलं, त्यांना ते सांगावं लागत नाही. पुढे वॉल्टने डिस्नेलँड ही करमणुकीची बाग बांधली तेव्हा दारातून आत शिरताच लागणारा रस्ता त्याने मार्सेलिनच्या बाजाररस्त्यावर बेतला. शेतीवरची चार-पाच वर्षंच मिळाली होती त्याला, पण ती त्याने जन्मभर सोडली नाहीत.

पहिली कंपनी १९२३ साली बुडाली. त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियात दोघा भावांनी दुसरी काढली. चित्रं आणि कल्पना धाकट्याच्या, हिशेब थोरल्याचा. १९२७ मध्ये त्यांचा ओस्वाल्ड नावाचा ससा चांगला चालू लागला. १९२८ च्या सुरुवातीला वॉल्ट जास्त पैसे मागायला न्यूयॉर्कला गेला, तर वितरक चार्ल्स मिंट्झ म्हणाला, उलट कमी देईन. ससा कायद्याने युनिव्हर्सल या चित्रपट कंपनीचा होता आणि वॉल्टचे बहुतेक चित्रकार मिंट्झने आतून फोडले होते. हंगामाच्या तोंडावर नट आणि संहिता दोन्ही दुसऱ्या कंपनीत गेले तर मालकाची काय गत होते, हे वडशात कुणालाही विचारा.

माझ्या मते वॉल्टला समजून घ्यायची किल्ली इथे आहे. रिकाम्या हाताने परत आल्यावर मिकी माउस जन्मला, १८ नोव्हेंबर १९२८ ला त्याचा आवाजासहितचा पट न्यूयॉर्कमध्ये लागला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यापेक्षा महत्त्वाचं हे की इथून पुढे आपल्या हातून झालेली गोष्ट त्याने दुसऱ्याच्या नावावर कधी जाऊ दिली नाही. मिकीचं घड्याळ १९३३ मध्येच बाजारात आलं होतं. त्यामुळे आजची बाहुल्या, कपडे, दप्तरं पाहून त्याला धक्का बसला असता असं जे म्हणतात, ते मला पटत नाही. पिक्सार २००६ मध्ये, मार्व्हल २००९ मध्ये आणि लुकासफिल्म २०१२ मध्ये, अशा तयार पात्रांच्या कंपन्या विकत घेणाऱ्या कंपनीचा हिशेब त्याला लगेच समजला असता. मालकी ज्याच्याकडे, धान्य त्याच्या कोठारात, हे तो फार लवकर आणि फार कडू पद्धतीने शिकला होता.

त्याला खटकलं असतं ते वेगळंच. १९३३ साली तीन डुकरांच्या गोष्टीवरचा त्याचा छोटा पट अफाट चालला. लोकांनी आणि वितरकांनी आणखी डुकरं मागितली. त्याने दिली, आणि पहिल्याची गंमत पुढच्या एकातही आली नाही. डुकरांची सर डुकरांना येत नाही, या अर्थाचं तो पुढे आयुष्यभर सांगायचा. म्हणून तो एका यशावर बसून राहिला नाही. घर गहाण टाकून, लोक हसत असताना त्याने १९३७ मध्ये स्नो व्हाइट हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला. २०२५ साली त्याच्याच कंपनीने तोच स्नो व्हाइट खरे नट घेऊन पुन्हा केला. द लायन किंग १९९४ चा, पुन्हा २०१९ मध्ये. क्रमांक लावलेले दुसरे-तिसरे भाग तर विचारूच नका. त्यांनी पैसा खूप आणला, हे खरंच आहे. पण आमच्याकडे दरवर्षी मंडईला नवं नाटक लागतं. गेल्या वर्षीचंच नाटक नवा पडदा लावून आणलं तर पहिल्या अंकातच खालून आवाज येतो. वॉल्ट त्या खालच्या माणसांच्या बाजूचा होता, असं मी मनापासून मानतो.

तो साधुसंत नव्हता. १९४१ मध्ये स्टुडिओतले चित्रकार पगारातली तफावत आणि संघटनेचा हक्क यासाठी संपावर गेले, तेव्हा वॉल्टने ते मनाला लावून घेतलं. संघटनेत पुढे असलेल्यांवर त्याने डूख धरला आणि १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्यांच्याविरुद्ध साक्षही दिली. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक आणि नट महिनोन्‌महिने संपावर होते. वॉल्ट असता तर मालकांच्याच टेबलावर बसला असता, याबद्दल मला शंका नाही. रात्रभर उभं राहून सकाळी टेम्पोत झोपणारे कलावंत मी जवळून पाहिलेत, म्हणून या जागी मी वॉल्टला पाठीशी घालणार नाही.

डिस्नेलँडसाठी बँका पैसे देईनात. रॉयही कचरत होता. वॉल्टने आयुर्विम्यावर कर्ज काढलं आणि एबीसी या टीव्ही कंपनीला हिस्सा देऊन भांडवल उभं केलं. बदल्यात तिच्यासाठी दर आठवड्याचा कार्यक्रम करायचा. १७ जुलै १९५५ ला दारं उघडली. उन्हाने ओलं डांबर मऊ पडलं, खोटे पास घेऊन हजारो माणसं घुसली, पाण्याचे नळ अपुरे पडले. एबीसीचा हिस्सा भावांनी १९६० मध्ये परत घेतला आणि १९९६ मध्ये कंपनीने एबीसीच विकत घेतली. सुरुवातीला मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर लागे, पाळण्यांचे पैसे वेगळे. आज एका दिवसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर आहे. महागाई धरली तरी ही झेप मोठी आहे. मार्सेलिनच्या शेतकऱ्याला पोरं घेऊन तिथे जाणं आता परवडेल का, हा प्रश्न वॉल्टने विचारला असता. बागेत तो स्वतः हिंडायचा, रांगेत उभा राहायचा, पडलेला कागद उचलायचा. अग्निशामक बंबाच्या खोलीवर त्याचं लहानसं बिऱ्हाड होतं, तिथून खालची गर्दी पाहायचा.

मग फ्लोरिडा. वेगवेगळ्या नावांच्या कंपन्या काढून तिथे गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली गेली. १९६५ मध्ये बातमी फुटली आणि भाव कितीतरी पट चढले. आधी विकणाऱ्यांच्या हाती काय लागलं, ते आमच्याकडच्या रस्त्यात-धरणात जमीन गेलेल्यांनी ओळखावं. वॉल्टला तिथे खरं शहर वसवायचं होतं, सुमारे वीस हजार माणसांच्या वस्तीचं. नाव एपकॉट. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्याने नकाशासमोर उभं राहून ते कॅमेऱ्याला समजावून सांगितलं. १५ डिसेंबरला फुप्फुसाच्या कर्करोगाने तो गेला. त्याला बर्फात गोठवून ठेवलंय ही अफवा अजून फिरते. त्याचं दहन झालं होतं.

थोरल्या भावाने निवृत्ती पुढे ढकलली, जागा उभी केली, नावात मुद्दाम 'वॉल्ट' घालून तिला 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' म्हटलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला उद्घाटन केलं. त्याच वर्षी २० डिसेंबरला रॉयही गेला. एपकॉट उघडलं १९८२ मध्ये, पण बाग म्हणून. घरं नाहीत, राहणारी माणसं नाहीत.

मधल्या काळात स्टुडिओत प्रत्येक बैठकीत एकच वाक्य ऐकू यायचं: वॉल्टने काय केलं असतं? उत्तर देणारा नव्हता, म्हणून तो करून गेला तेवढंच पुन्हा होत राहिलं. चित्रपट फिके पडले. १९८४ मध्ये बाहेरचा एक धनवान कंपनीच गिळायला निघाला आणि त्याला पैसे देऊन मागे फिरवावं लागलं. त्या वर्षी मायकेल आयस्नर आणि फ्रँक वेल्स बाहेरून आले, मगच गाडं हललं. वडशाच्या त्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही, तरी त्याचं उत्तर नेमकं होतं. संस्थापकाने स्वतः काय मोडलं हे विसरून त्याची फक्त मांडणी जपली, की कंपनी थिजते.

राहता राहिला ससा. २००६ मध्ये डिस्नेचे प्रमुख रॉबर्ट आयगर यांनी एक अजब सौदा केला. क्रीडा समालोचक अल मायकल्स यांना डिस्नेच्या एबीसी-ईएसपीएन वाहिन्यांमधून एनबीसीकडे, म्हणजे ससा ज्यांच्याकडे होता त्या युनिव्हर्सलच्याच घरातल्या वाहिनीकडे, जायचं होतं. त्यांना करारातून मोकळं करण्याच्या बदल्यात जे जे मागितलं, त्यात ओस्वाल्डचे हक्कही होते. न्यूयॉर्कच्या त्या बैठकीला तेव्हा ७८ वर्षं झाली होती. वॉल्टची मुलगी डायन हयात होती. ओस्वाल्डला परत आणायचंय, हे आयगर यांनी पद हाती आलं तेव्हाच तिला सांगितलं होतं.