केसिंगमागील सिमेंटचे श्राव्यातीत मूल्यमापन

तेल वा नैसर्गिक वायूच्या विहिरीतील पोलादी केसिंग (विहिरीत बसवलेली नळी) आणि भोवतालचा खडक यांमधल्या वलयाकार पोकळीत भरलेल्या सिमेंटची अवस्था श्राव्यातीत, म्हणजे माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या, ध्वनिस्पंदांनी आतून तपासण्याची पद्धत. वेगवेगळ्या थरांतील तेल, वायू व पाणी केसिंगबाहेरून एकमेकांत शिरू नयेत, हे या सिमेंटचे मुख्य काम.

पद्धतीच्या आरंभाविषयी दोन मते आढळतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेल्या फिरत्या श्राव्यातीत उपकरणापासून, म्हणजे बोअरहोल टेलिव्ह्यूअरपासून, काही जण ती मोजतात. परंतु ते उपकरण विहिरीच्या भिंतीवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीची तीव्रता आणि वेळच नोंदवीत असे; केसिंगच्या जाडीतील अनुस्पंदनाचा (ठरावीक कंप्रतेला जोर धरणाऱ्या कंपनाचा) त्यात उपयोग नव्हता. त्यामुळे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस आलेली, आठ ऊर्जापरिवर्तक (ध्वनिस्पंद सोडणारे व टिपणारे घटक) असलेली उपकरणे हाच खरा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. एकच फिरता ऊर्जापरिवर्तक वापरून संपूर्ण परिघाचे चित्र देणारी उपकरणे १९९० च्या सुमारास प्रचारात आली.

त्याआधीपासून वापरात असलेल्या, आणि आजही सोबत घेतल्या जाणाऱ्या, सिमेंट बाँड लॉग या नोंदपद्धतीत सु. २० किलोहर्ट्झचा तरंग केसिंगच्या लांबीच्या दिशेने जातो. त्याचे मूल्य परिघाची सरासरी असल्यामुळे एका बाजूने उभी गेलेली, सिमेंट न भरलेली अरुंद वाट त्यात झाकली जाते. श्राव्यातीत मापन दर ५ किंवा १० अंशांना घेता येते, म्हणून अशी वाट नकाशावर दिसू शकते.

ऊर्जापरिवर्तकाचा स्पंद केसिंगवर लंब दिशेने पडतो. बरीचशी ऊर्जा आतल्या पृष्ठावरूनच परतते. उरलेली पोलादाच्या दोन पृष्ठांमध्ये पुनःपुन्हा परावर्तित होत राहते आणि दर फेरीला तिचा काही अंश मागच्या पदार्थात निसटतो. जाडीच्या दुप्पट अंतराने पोलादातील ध्वनिवेगाला भागले की अनुस्पंदनाची कंप्रता मिळते, १० मिमी. जाडीला ती सु. ३०० किलोहर्ट्झ येते. या कंप्रतेवरून जाडी, म्हणजे झीज व गंजही, कळते. कंपन किती लवकर विरते यावरून मागच्या पदार्थाचा ध्वनिक संरोध काढतात. घनता आणि ध्वनिवेग यांचा गुणाकार म्हणजे हा संरोध. तो मेगारेल या एककात देतात : वायूचा ०.१ हून कमी, पाण्याचा सु. १.५, साध्या घट्ट सिमेंटचा साधारणपणे ५ च्या वर, पोलादाचा सु. ४६.

अडचण मधल्या मूल्यांची आहे. हलक्या किंवा फेसाळ सिमेंटचा संरोध ३ च्या आसपास येऊ शकतो, आणि जड ड्रिलिंग मडचाही (खोदकामात वापरल्या जाणाऱ्या दाट द्रवाचाही) त्याच्या जवळ पोहोचतो. द्रव आणि घन यांची सीमा म्हणून २.६ मेगारेल हे मूल्य पुष्कळदा घेतात. मात्र ते सर्व विहिरींना सरसकट लावण्यापेक्षा त्या विहिरीतील मिश्रणाच्या प्रयोगशाळेतील मापनावरून सीमा ठरवणे श्रेयस्कर होय.

या संदिग्धतेवर उपाय म्हणून २००० च्या दशकात तिरप्या स्पंदाची जोड देण्यात आली. हा स्पंद केसिंगच्या भिंतीत वाकण्याचा, म्हणजे फ्लेक्झरल, तरंग निर्माण करतो आणि दोन ग्राहींमधील त्याचे क्षीणन, म्हणजे तीव्रतेतील घट, मोजली जाते. संरोधाबरोबर क्षीणन आधी वाढते. पण सिमेंटमधील दाबतरंगाचा वेग सु. २,६०० मी./से. ओलांडला की ते एकाएकी घटते. त्यामुळे द्रव आणि अतिशय कठीण सिमेंट यांचे क्षीणन सारखे दिसू शकते, आणि दोन्ही मापने एकत्र मांडल्यावरच त्यांची फोड होते. खडकाच्या भिंतीवरून परतलेला प्रतिध्वनी मिळाल्यास विहिरीत केसिंग किती मध्यभागी आहे तेही समजते.

केसिंग व सिमेंट यांमध्ये केसाहून बारीक फट राहिली आणि तीत वायू असला, तर मागचे चांगले सिमेंटही उपकरणाला दिसत नाही. फटीत द्रव असल्यास परिणाम सौम्य असतो. शंका असल्यास केसिंगमध्ये दाब वाढवून नोंद पुन्हा घेतात. जड मडमध्ये स्पंद क्षीण होतो; उपकरण मध्यापासून सरकल्यास मापन बिघडते. शिवाय केसिंगमधल्या द्रवाचा संरोध चुकीचा धरला तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

मोजला जातो तो संरोध. गळतीरोध त्यावरून अनुमानावा लागतो. नॉर्वेच्या समुद्रातील विहिरींत शेल हा मऊ, चिकणमातीचा खडक हळूहळू सरकून केसिंगला बिलगल्याची उदाहरणे आहेत. नोंदीत तो सिमेंटसारखाच घन दिसतो, आणि विहीर कायमची बंद करताना दाबचाचणीने पडताळल्यावर त्याला अडथळा म्हणून मान्यताही मिळते. एकात एक दोन केसिंग असल्यास बाहेरच्या केसिंगमागील सिमेंट या पद्धतीने नेहमीच्या रीतीने तपासता येत नाही.