शिंगाळा : हवामानाचा पकडीवर होणारा परिणाम

शिंगाळा हा कोकणच्या समुद्रात आणि खाड्यांत तळाशी वावरणारा, बिनखवल्यांचा, मिशा असलेला मासा. एरिइडी कुलातल्या अनेक जातींना हे एकच नाव चालते. लहान माशांना शेंगटी किंवा शिंगटी म्हणतात. हवामानाचा परिणाम या माशापर्यंत पोहोचतो तो पाण्यातून. तळाच्या पाण्याचा गढूळपणा, ओढ, खारटपणा आणि त्यातला प्राणवायू बदलला की शिंगाळा जागा बदलतो. त्यामुळे त्याचा शोध घेणाऱ्याने ढगांच्या आधी पाण्याचा रंग पाहावा.

गढूळ पाणी शिंगाळ्याला मानवते. मिशांना स्पर्श आणि चव दोन्ही कळत असल्याने डोळ्यांवर शिकार करणारे मासे जिथे अडतात तिथे हा खात राहतो. दोन-तीन दिवस जोराचा पश्चिम वारा वाहिला की उथळ भागातला चिखल ढवळतो, त्यातले किडे, कोळंबी, लहान खेकडे उघडे पडतात आणि शिंगाळा किनाऱ्याजवळ येतो. वारा पडल्यानंतरचा, पाणी अजून मातकट असतानाचा दिवस गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, सर्वांत चांगला. अशा वेळी चकाकणारे आमिष निरुपयोगी, वासाचे हवे. तारली किंवा बांगड्याचा तुकडा, सोललेली कोळंबी तळाला टेकेल असे शिसे लावून सोडावी. आमिष तळापासून हातभर वर तरंगत राहिले तर शिंगाळा त्याच्या खालून निघून जातो. थंडीत, डिसेंबर-जानेवारीत, पाणी निवळते. मग दिवसा खोल डोह आणि रात्री उथळ कड अशी त्याची हालचाल असते.

हवेचा दाब उतरला की मासा गळाला लागतो, असे पुष्कळजण मानतात. हिशेब मात्र वेगळे सांगतो. दाबातला १० हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे पाण्याची जेमतेम १० सेंटीमीटर उंची. मुंबईकडे उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांवर जातो, मालवणकडे तो दोन मीटरांच्या आसपास असतो. तळाशी बसलेला मासा रोज दोनदा याहून कितीतरी मोठा दाबबदल सोसतो. वादळी हवेच्या आधी पकड वाढते ती बहुधा झाकोळलेल्या उजेडामुळे आणि ढवळलेल्या पाण्यामुळे.

म्हणून वाऱ्याइतकीच तिथी महत्त्वाची. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते : चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. हा आडाखा मुंबई परिसराचा. दक्षिणेकडे भरती काहीशी आधी लागते, आणि खाडीत जितके आत जावे तितकी उशिरा. डोळ जाळ्याला, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, प्रवाहाची ओढ लागते, म्हणून ते उधाणात चालते. गरीचे, म्हणजे गळाचे, उलट आहे. उधाणात तंगूस (गळाचा दोर) वाहून जातो आणि शिसे वाढवूनही आमिष एका जागी राहत नाही. अष्टमीच्या आसपासच्या भांगात, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक लहान असतो त्या दिवसांत, ओढ कमी असते, तेव्हा भरतीचा पहिला तास आणि पाणी ठरण्याआधीचा तास साधावा.

सर्वांत मोठी उलथापालथ मृगाच्या पावसाने होते. नद्यांचे गोडे पाणी हलके असल्याने खाडीत वरून वाहते आणि जड खारे पाणी तळाशी राहते. पाणी वरून लाल, गोडे दिसले तरी भरतीच्या वेळी मुखाजवळच्या खोल भागात शिंगाळा सापडतो, तो या थरामुळे. सलग मुसळधार पावसात पुराचा जोर हा थरही बाहेर ढकलतो. मग खाडीत गळ टाकून उपयोग नाही, दोन दिवस उघडीप मिळून भरतीचे पाणी पुन्हा आत शिरेपर्यंत थांबावे. दाभोळ खाडीत नुसत्या पावसावर अंदाज बांधू नये. कोयना प्रकल्पात वीज तयार झाल्यावर सोडलेले पाणी वाशिष्ठीत येते, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही गोड्या पाण्याचे प्रमाण बदलते.

याच पावसात भातखाचरांत आणि वहाळांत वळगणीचे, म्हणजे पावसाच्या पाण्याबरोबर अंडी घालायला वर येणारे, मासे चढतात. त्यांत गोड्या पाण्यातली शिंगटी असते. ती समुद्री शिंगाळ्याहून वेगळ्या कुलातली. पोटात गाबोळी असलेले मासे बांधावर सरसकट अडवले तर पुढच्या वर्षीचे बीज तिथेच संपते.

यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर काही काळ पश्चिम किनाऱ्यालगत कमी प्राणवायूचे खोल पाणी वर सरकते. तळाचे मासे त्यापासून दूर जातात, त्यामुळे नेहमीची जागा अचानक रिकामी लागू शकते. अशा वेळी अधिक उथळ पाणी तपासावे. प्रजननाच्या काळात शिंगाळ्याचा नर फलित अंडी तोंडात सांभाळतो आणि तोवर खात नाही. तो गळाला येत नाही, पण जाळ्यात सापडतो आणि धडपडीत अंडी ओकतो. अंडी थोडी आणि मोठी असल्याने ही हानी भरून निघायला फार काळ लागतो. १९८० च्या दशकात कर्नाटक किनाऱ्यावर थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांत अशा नरांचे थवेच्या थवे उचलले गेले. तोंड फुगलेला नर जिवंत असेल तर तो लगेच सोडावा.

मे महिना आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे दिवस. फयान नोव्हेंबर २००९ मध्ये आले. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की पकड कितीही चांगली असो, होडी आत घ्यावी. हेलकावणाऱ्या होडीत शिंगाळा सोडवणे तसेही धोक्याचे असते. पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचे काटे करवती आणि विषारी असतात. मासा फडक्याने दाबून पकडीने आधी काटे मोडावेत, मग जाळे सोडवावे. काटा लागल्यास जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावी. उष्णतेने विषाचा जोर उतरतो. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टरकडे जावे.