उन्हाची सवय पण रजेवर जाते

"आपण खान्देशी, आपल्याला काय ऊन लागतंय!" मे महिन्यात पारा ४५च्या पुढे गेला तरी जळगाव-भुसावळच्या कारखान्यांत हे ऐकू येतं, आणि कंपन्यांचे उन्हाळी आरोग्य कार्यक्रम बंद पडतात त्याला मला तरी हेच कारण वाटतं. ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिवस, बॅनर, शपथ, फोटो, ओआरएसचे खोके. खरं ऊन तापेपर्यंत सेफ्टी ऑफिसरची बदली झालेली असते नाहीतर डिस्पॅचची घाई असते, खोके स्टोअरमध्येच.

आता या सवयीचं शरीरशास्त्र बघा, मला तर हे जाम भारी वाटतं. उन्हात काम सुरू केलं की साधारण ७ ते १४ दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, वाढतो, त्यामुळे स्नायूंना पुरवून कातडीकडेही रक्त पाठवणं हृदयाला कमी ठोक्यांत जमतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन घामग्रंथींना सोडियम परत ओढून घ्यायला लावतं म्हणून तो कमी खारट होतो. पण घाम जास्त म्हणजे पाणीही जास्तच लागणार ना! सवय झालेला माणूस इथेच फसतो, कारण तहान उशिरा लागते.

आणि ही सवय टिकत नाही. आठवडाभर उन्हातलं काम सुटलं की बरीच उतरते, महिन्याभरात जवळजवळ संपतेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेलेला, मागून चुलतभावाचं लग्न उरकून, कूलरपुढे झोपून परत आलेला चटईच्या कारखान्यातला जुना गडी शरीराने अर्धा नवाच असतो. अमेरिकेतल्या नायोश या कामगारांच्या आरोग्य-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेचा सल्ला असा की नव्या माणसाला पहिल्या दिवशी गरमीत २० टक्केच काम द्यावं, मग रोज २० टक्क्यांनी वाढवावं. रजेवरून आलेल्या अनुभवी माणसाला ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

(खिशात कांदा ठेवून यातलं काहीही होत नाही. भाकरीसोबत खा तो.)

म्हणून हे पोस्टरवर नको, हजेरीच्या रजिस्टरात पाहिजे. रजेवरून आला की चार दिवसांचं काम सुपरवायझरने ठरलेल्या हिशोबानेच वाटायचं, मग ऑफिसर कोणीही असो. १९४८च्या कारखाना कायद्यात २५०पेक्षा जास्त कामगार असले तर उन्हाळ्यात गार पाण्याची सोय सांगितली होती, पण कूलर गेटपाशी आणि मशीन पार दुसऱ्या टोकाला असेल तर दर १५-२० मिनिटांनी कपभर पाणी प्यायला जाणार कोण? त्यात पीसवर पगार असेल तर पाणी प्यायला गेलेला वेळ कामगाराच्याच खिशातून जातो, तो आधी टार्गेटमधून वजा करा.