संगणक मंदावतो तेव्हा रांग कुठे लागलेली असते?

बेळगावातील डीटीपी केंद्रांत, खानापूर-निपाणीकडील ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांत किंवा एखाद्या पतसंस्थेच्या कार्यालयात संगणक मंदावला की त्यावरचे उपाय जवळजवळ ठरलेले असतात. आधी डेस्कटॉपवर वारंवार ‘रिफ्रेश’ केले जाते, मग टेम्पररी फाइली पुसल्या जातात आणि तेवढ्याने भागले नाही तर यंत्र फॉरमॅट करायला दिले जाते. यांपैकी पहिल्या उपायाने पडद्यावरची चिन्हे पुन्हा रेखाटली जातात, याखेरीज काहीही होत नाही. फॉरमॅटने मात्र फरक पडतो. परंतु त्यात यंत्राचा एकही भाग नवा होत नाही, वर्षानुवर्षे बसवले गेलेले आणि कोणाच्याही ध्यानात न येता मागे चालत राहिलेले प्रोग्रॅम तेवढे निघून जातात. ते कोणते आणि यंत्राच्या कोणत्या भागावर त्यांचा भार पडतो हे आधीच पाहिले, तर बहुतेक वेळा फॉरमॅटपर्यंत जाण्याची गरज राहत नाही.

चालू असलेल्या प्रोग्रॅमला संगणकशास्त्रात प्रक्रिया किंवा प्रोसेस म्हणतात. साध्या घरगुती लॅपटॉपवरही एका वेळी शंभर-दीडशे प्रक्रिया नांदत असतात आणि प्रोसेसरचे गाभे, म्हणजे कोअर, मात्र दोन, चार किंवा आठ असतात. तरीही सगळे एकदम चालल्यासारखे वाटते, कारण कार्यप्रणाली, म्हणजे विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टम, प्रत्येक प्रक्रियेला काही मिलिसेकंदांची पाळी देते आणि पाळी संपताच तिला बाजूला करून दुसरीला पुढे घेते. एकाच यंत्राचा वेळ असा वाटून देण्याचा प्रयोग अमेरिकेतील एमआयटीमध्ये फर्नांदो कॉर्बातो यांच्या गटाने १९६१ साली दाखवला आणि आजच्या सर्व कार्यप्रणाली त्याच मार्गाने चालतात. या व्यवस्थेचा एक भाग सहसा सांगितला जात नाही: जी प्रक्रिया कशाची तरी वाट पाहत झोपलेली आहे, तिला पाळीच दिली जात नाही. कळ दाबली जाण्याची किंवा नेटवरून संदेश येण्याची वाट पाहणाऱ्या पन्नास प्रक्रिया प्रोसेसरचा वेळ जवळपास खात नाहीत. म्हणून यादीतील प्रक्रियांची संख्या पाहून घाबरण्यात अर्थ नाही.

पाहायचे ते वेगळेच. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्यात प्रोसेसर, मेमरी, डिस्क व नेटवर्क असे चार रकाने दिसतात. संगणक मंदावलेला असतो तेव्हा या चारांपैकी कुठेतरी रांग लागलेली असते आणि उपाय त्या रांगेवरच करावा लागतो. मेमरी संपलेली असताना प्रोसेसर खाणारी प्रक्रिया शोधत बसणे व्यर्थ आहे. (तपशिलाच्या यादीत ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ नव्वद-पंच्याण्णव टक्के दाखवते म्हणून तिलाच गुन्हेगार ठरवणारे अनेक जण भेटतात, तो आकडा प्रोसेसर किती मोकळा आहे हे सांगतो, त्यामुळे तो मोठा असणे चांगलेच.)

आपल्याकडच्या चार जीबी रॅमच्या, म्हणजे चालू कामासाठी लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीच्या, जुन्या यंत्रांत पहिली रांग बहुधा या मेमरीचीच असते. कार्यप्रणाली मेमरीचे ४ केबीचे तुकडे करते, त्यांना पाने म्हणतात, आणि रॅम अपुरी पडू लागली की सध्या न लागणारी पाने डिस्कवर ठेवून देते. प्रत्यक्षापेक्षा मोठी मेमरी असल्याचा हा आभास मँचेस्टर विद्यापीठाच्या अ‍ॅटलस संगणकाने १९६२ साली शक्य करून दाखवला. त्याची मर्यादा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये नेमकी मांडली. प्रत्येक प्रोग्रॅमला ठरावीक काळात खरोखर लागणाऱ्या पानांचा एक संच असतो. चालू प्रोग्रॅमांच्या अशा संचांची बेरीज रॅममध्ये मावत असेल तोवर सारे सुरळीत चालते, आणि ती ओलांडली की एकाचे पान आत आणण्यासाठी दुसऱ्याचे बाहेर काढावे लागते व पुढच्याच क्षणी तेच परत मागवावे लागते. मग यंत्राचा बहुतेक वेळ पाने आणण्या-नेण्यात जातो. ही घसरण हळूहळू होत नाही. आठ टॅब उघडे असताना चांगला चालणारा संगणक आणखी दोन टॅब उघडताच एकाएकी गोठतो, तो यामुळेच.

गोठण्याची तीव्रता डिस्कवर अवलंबून असते. रॅममधून माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. लॅपटॉपमधील हार्ड डिस्क मात्र बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद, आणि हवी ती जागा वाचक टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. टोक त्या रेषेवर सरकण्याचा वेळ निराळाच. दोन्ही मिळून किमान दहा मिलिसेकंद धरले, तरी ते रॅमच्या लाखपट होतात. टेबलावरचा कागद उचलायला एक सेकंद लागत असेल, तर या हिशेबाने डिस्कवरचा कागद हाती यायला एक दिवस आणि जवळपास चार तास लागतील. अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आतबाहेरच विखुरलेल्या मागण्या पुऱ्या करू शकते. प्रत्येक मागणी ४ केबीची असेल तर सेकंदाला फक्त ४०० केबी हाती लागतात. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के व्यस्त दिसते आणि वेग मात्र एका एमबीपेक्षाही कमी, हे कोडे इथे सुटते: टक्केवारी डिस्क किती वेळ कामात अडकली आहे ते सांगते, किती माहिती वाहिली ते सांगत नाही.

आता प्रश्न उरतो तो या मागण्या करते कोण याचा. सीमाभागातील दुकानांची यंत्रे या बाबतीत जरा अधिक लादलेली असतात. लग्नपत्रिका मराठीत, शासकीय अर्ज कन्नडमध्ये आणि पावती इंग्रजीत असा व्यवहार असल्यामुळे श्रीलिपी, नुडी आणि बरहा ही भारतीय भाषांत टंकलेखनाची सॉफ्टवेअर एकाच संगणकावर बसवलेले असतात, आणि कळफलकाची भाषा बदलून देणाऱ्या त्यांच्या प्रक्रिया घड्याळाशेजारच्या चिन्हांत बसून असतात. या प्रक्रिया लहान असतात आणि गिऱ्हाईक समोर उभे असताना लागतातही. त्या बंद करण्यात शहाणपण नाही. खरा भार असतो तो प्रिंटर-स्कॅनरसोबत आलेल्या मदतनिसांचा, फोटो आपोआप वर चढवणाऱ्या क्लाउड प्रोग्रॅमचा, व्हिडिओ बैठकीसाठी कधीतरी बसवलेल्या आणि तेव्हापासून रोज सकाळी जागे होणाऱ्या अ‍ॅपचा, आणि मुदत संपलेला असूनही न काढलेल्या दुसऱ्या अँटिव्हायरसचा. दोन अँटिव्हायरस असतील तर उघडली जाणारी प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते, म्हणून एक पूर्णपणे अनइन्स्टॉल करणे हा स्वस्तातला मोठा लाभ आहे. ब्राउझरचाही यात वाटा असतो. गूगल क्रोम २००८ साली आला तो एक टॅब कोसळला तरी बाकीचे टिकावेत म्हणून त्यांना वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याची रचना घेऊनच. तिची किंमत मेमरीत मोजावी लागते. शिवाय खिडकी मिटल्यावरही पार्श्वभूमीवर चालत राहण्याची मुभा त्याच्या सेटिंगमध्ये असते, ती काढून टाकता येते.

टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’ या भागात संगणकासोबत सुरू होणारे प्रोग्रॅम आणि त्यांचा भार किती आहे याचा शेरा दिसतो. तिथे एखादा ‘डिसेबल’ केला तर तो यंत्रातून निघून जात नाही, हवा तेव्हा हाताने उघडता येतो. म्हणून इथे प्रयोग करायला हरकत नाही. फक्त एका वेळी दोन-तीनच बंद करावेत, म्हणजे काही अडले तर कारण लगेच सापडते. विंडोजच्या स्वतःच्या सेवांना मात्र हात लावू नये. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या डझनावारी नोंदी पाहून व्हायरसची शंका येते, परंतु कार्यप्रणालीच्या अनेक सेवा याच नावाच्या घरात चालतात. विंडोज १० च्या २०१७ मधील सुधारणेनंतर पुरेशी रॅम असलेल्या यंत्रांत या सेवा मुद्दाम वेगवेगळ्या केल्या गेल्या, त्यामुळे नोंदी आणखी वाढल्या.

सकाळी दुकान उघडल्यावर पहिला अर्धा तास यंत्र हलत नाही, ही तक्रार नेहमी ऐकू येते. विंडोज आपली देखभालीची कामे मूळ रचनेनुसार रात्री २ वाजता करू पाहते. त्या वेळी यंत्र बंद असेल तर ती दिवसा यंत्र मोकळे दिसेल तेव्हा उरकली जातात, आणि सकाळी त्यांत अद्ययावतीकरण व अँटिव्हायरसची तपासणी यांची भर पडते. ही कामे रोज मध्येच तोडली तर ती रोज नव्याने सुरू होतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीत यंत्र चालू ठेवणे हा यावरचा साधा तोडगा आहे. दुसरी गोष्ट ‘शट डाउन’ची. विंडोज ८ पासून आलेल्या जलद प्रारंभाच्या सोयीत बंद करताना कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपली जाते आणि सुरू करताना तीच परत आणली जाते. खऱ्या अर्थाने नव्याने सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’च करावे लागते.

मेमरी रिकामी करून देणाऱ्या ‘बूस्टर’ प्रोग्रॅमांबद्दल माझे मत अजिबात बरे नाही. मोकळ्या रॅममध्ये कार्यप्रणाली पुढे लागतील अशा फाइली जपून ठेवते. बूस्टर चालू प्रोग्रॅमांची पाने रॅमबाहेर ढकलतो आणि ती काही क्षणांत परत वाचून आणावी लागतात. आकडा सुधारतो, काम लांबते, आणि पार्श्वभूमीवर आणखी एक प्रक्रिया कायमची येऊन बसते.

काही यंत्रे प्रक्रिया कमी करूनही मंदच राहतात. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीलगतच्या कार्यालयात किंवा निपाणीच्या तंबाखू वखारीत पंख्याच्या जाळीत धूळ साचते, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग उतरवतो. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात मूळ वेग आणि चालू वेग दोन्ही दिसतात. काम जोरात चालू असूनही चालू वेग मूळ वेगाच्या बराच खाली राहत असेल तर आधी जाळी साफ करावी. डिस्कच रांगेचे कारण असेल तर हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवण्याइतका परिणामकारक उपाय दुसरा नाही, कारण तिच्यात फिरणारा भागच नसतो आणि विखुरलेली मागणी ती मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पुरी करते. रॅम वाढवायची असल्यास ‘परफॉर्मन्स’ भागातच मेमरीच्या नोंदीखाली रॅमच्या पट्ट्या बसवायच्या किती खाचा वापरात आहेत ते पाहून बाजारात जावे. डीडीआर ३ आणि डीडीआर ४ या रॅमच्या वेगवेगळ्या पिढ्या आहेत; एकीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही, आणि अनेक पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पाटीवरच डाग देऊन जोडलेली असते, तिथे खाच मिळणारच नाही.