चित्र उमटले, आवाज आला म्हणजे यंत्रणा सुपूर्द झाली का?

पडद्यावर चित्र उमटले आणि स्पीकरमधून आवाज आला की दृकश्राव्य यंत्रणेचे काम पूर्ण झाले, हा समज जुना आहे आणि चुकीचाही आहे. चित्र दिसणे ही केवळ जोडणी झाल्याची खूण होय. कार्यान्वयन म्हणजे प्रत्येक भाग ठरलेल्या निकषांवर तपासणे, आणि २०१३ सालचे ‘आन्सी/इन्फोकॉम १०’ हे मानक नेमके याच पडताळणीसाठी आहे. एका लॅपटॉपवर सुरळीत चाललेली एचडीएमआय जोडणी दुसऱ्यावर काळा पडदा दाखवू शकते, कारण ईडीआयडीद्वारे (पडदा आपली क्षमता लॅपटॉपला कळवतो ती माहिती) होणारी रिझोल्यूशनची निवड आणि एचडीसीपीची (नक्कल रोखणारी व्यवस्था) संरक्षण-तपासणी प्रत्येक उपकरणागणिक नव्याने होते. पहिल्या रांगेत स्पष्ट वाटणारे भाषण मागे निनादात बुडू शकते. म्हणून ० ते १ या पट्टीवरील एसटीआय हा बोलणे कितपत स्पष्ट समजते हे सांगणारा निर्देशांक केवळ कानावर न विसंबता जागोजागी मोजावा लागतो.

सुपूर्दीत प्रत्यक्ष जोडणीनुसार सुधारलेले आराखडे, यंत्रणा चालवणाऱ्या नियंत्रण-प्रोग्रामची प्रत, वापरणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि यंत्रणेत बदल करण्यासाठी लागणारे पासवर्डही येतात. माझ्या मते पासवर्डकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. तो हाती नसेल, तर पुढे एखादा नवा माइक जोडून घ्यायलाही ग्राहकाला मूळ ठेकेदाराचीच वाट पाहावी लागू शकते.